ट्यूनरवर गिटार अर्धा स्वर खाली लावताना सहावी तार छळतेय, मदत हवी आहे

मंडळी, माझा आवाज पांढरी तीनला फाटतो, काळी दोनला बरा लागतो. कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला तर पट्टी वर जाते, त्याचा इथे उपयोग नाही. म्हणून अख्खी गिटारच अर्धा स्वर उतरवायची ठरवली. अकूस्टिक आहे, तारांचा सेट दहाचा (म्हणजे पातळ तारांचा), ट्यूनर गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा.

आधी तासभर गिटार मोडवरच झटत होतो. त्याला ई ए डी जी बी ई सोडून काही कळत नाही, काटा नुसता डावीकडे पडून! कुठलाही स्वर ओळखणारा क्रोमॅटिक मोड सापडल्यावर डी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, डी शार्प असं लावलं. पाच तारा लागल्या. सहावी मात्र जोरात छेडली की आधी चढी दाखवते, मग घसरते. बाराव्या फ्रेटवर (मानेवरची आडवी धातूची पट्टी) बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवला की काटा जरा स्थिर राहतो. तेच माप खरं धरायचं का?

आणखी एक. सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत उतरवत आलो की आधी लावलेल्या तारा परत चढलेल्या असतात. ताण कमी होऊन मान सरकते म्हणून, इतकं समजलं. पण किती फेऱ्या मारायच्या?

ट्यूनर ज्याच्यावरून सगळे स्वर मोजतो तो ४४० हर्ट्‌झचा आकडा ४१५ वर नेऊन ई-ए-डी तसंच लावायचं, असं एकाने सुचवलं. माझा ४३० च्या खाली उतरतच नाही.

शिवाय पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर तार खरखरते. बाराचा जाड सेट घातला तर थांबेल, की ट्रस रॉडला (मानेतली तिचा बाक ठरवणारी सळई) हात लावावा लागेल? रॉडची मला भीती वाटते.