सबसिडी गाडीला नको, पार्किंगमधल्या चार्जिंग पॉइंटला द्या
ईव्हीची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाड्यांची, सबसिडी म्हणजे आपल्या टॅक्सच्या पैशातून श्रीमंतांना गाड्या, असा मुद्दा आलाय. अहो पण फेम-२ या केंद्राच्या ईव्ही सबसिडी योजनेत (२०१९ ते मार्च २०२४) खाजगी कारला केंद्राची थेट सबसिडी नव्हतीच, चारचाकीत ती टॅक्सी वगैरे कमर्शियल गाड्यांना होती. स्वतःच्या कारला फायदा म्हणाल तर ५ टक्के जीएसटी आणि राज्याची रोड टॅक्स माफी, आणि तोही काही कमी नाही हे मान्य.

खरं दुखणं चार्जिंगचं आहे. माझी ३० युनिटची बॅटरी, १५ अँपिअरच्या प्लगवर रात्री दहाला लावली की सकाळी आठपर्यंत फुल्ल, झकास चालतं, पण तो पॉइंट पार्किंगमध्ये घ्यायला सोसायटीच्या तीन मीटिंगा गेल्या, मीटरपासून केबल कुणाच्या भिंतीवरून न्यायची यावरच दीड तास वाद! आणि हायवेवर फास्ट चार्जरला ८० टक्क्यांनंतर बॅटरी करंटच कमी घेते, शेवटच्या २० टक्क्यांत कितीतरी वेळ जातो, तरी लोक १०० होईपर्यंत गाडी हलवत नाहीत आणि मागे चार जण पोराबाळांसकट ताटकळत बसतात. पुढं घरीच जायचंय तर ८० ला काढा ना हो. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या फेम-२ नंतरच्या योजनेत चार्जिंग स्टेशनांसाठी २००० कोटी ठेवलेत, त्यातले थोडे तरी सोसायट्यांच्या पार्किंगपर्यंत पोचायलाच हवेत.