विषय: सोलापूरला नेलेली पोरं आणि गाडीची किल्ली

प्रेषक: मूळ गाव बार्शी, सासर सोलापूर, आता फ्रिस्को (टेक्सास)

नमस्कार मंडळी,

पुढच्या आठवड्यात आम्ही सोलापूरला निघतोय, मुक्काम पंधरा दिवस. लेकाला सोळावं लागलंय, हातात लर्नर परमिट आहे आणि पॅरेंट-टॉटवाला, म्हणजे आई-वडिलांनीच गाडी शिकवायचा कोर्स मीच घेतेय त्याचा. सरावाच्या 30 तासांपैकी 11 झालेत, त्यातले रात्रीचे जेमतेम 2. रात्रीचे 10 कधी व्हायचे देव जाणे, माझाच जीव अंधारात घाबरतो.

तर सासरे फोनवर म्हणाले, "घेऊन ये इकडं, रानात नेऊन आठ दिवसांत तयार करतो. माझी तिन्ही पोरं मीच शिकवली." नाही म्हणायला तोंड उचलेना. कुणी नेलंय का पोरांना असं? आणि तिथले तास इथल्या सरावाच्या नोंदवहीत लिहिले तर चालतात का?

---

प्रेषक: मूळ गाव सोलापूर, होटगी रोड, आता प्लॅनो

ताई,

मी सध्या सोलापुरातच आहे, शनिवारी पोचलो. आधी उत्तर देतो, मग पाल्हाळ. किल्ली देऊ नका. तास वहीत लिहू नका.

भारतात कारला 18 वर्षं लागतात, लर्निंग लायसन्सलासुद्धा. सोळा पूर्ण झाल्यावर मिळतं ते बिनगिअरच्या 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचं, तेही पालकांच्या संमतीनं. इथं शाळकरी पोरं उडवतात त्या स्कूट्या बहुतेक 100 सीसीच्या वरच्या, म्हणजे तेही बसत नाही. आपल्या टेक्सासच्या परमिटला इथं रद्दीच्या कागदाची किंमत. आणि 2019 साली मोटार वाहन कायद्यात 199अ कलम आलंय. पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. 25,000 रुपये दंड, 3 वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि पोराला वयाच्या 25 पर्यंत लायसन्स नाही. गाडी तुमच्या सासऱ्यांची असेल, तर म्हाताऱ्या माणसाला कशात अडकवतोय ते बघा.

"रानात कोण बघतंय" हे आमच्याकडंही झालं. पण रानात जायला रस्ता लागतो, आणि तो सरकारी असतो. शिवाय आमच्या रानातल्या विहिरीला कठडा नाही. कायदा राहू दे बाजूला, मला ती विहीर पुरेशी आहे.

आमचे तात्या एसटीत ड्रायव्हर होते. 31 वर्षं. नातीला आपण शिकवायचं हे त्यांनी ती जन्मली तेव्हाच ठरवलं असावं. मी नाही म्हटल्यावर ते दोन जेवणं माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसता पुसता लेकीला म्हणाले, "बस माझ्या डावीकडं. हात मांडीवर ठेव. जे दिसतंय ते तोंडानं बोलायचं."

मी मागं बसलो. ती सुरुवातीला लाजली, मग प्लॅनोच्या सवयीनं पाट्या वाचायला लागली. आसरा चौक येईपर्यंत "रेड ऑटो, स्कूल बस, काऊ" असं चाललं होतं. तात्यांनी तिला थांबवलं. "ऑटो मला दिसतोय की. ऑटो काय करणार ते सांग."

ताई, मी चार महिने हिला शिकवतोय आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. तिकडं आपण पोरांना रेघ बघायला शिकवतो, पाटी बघायला शिकवतो, फोर-वे स्टॉपवर, म्हणजे चारही बाजूंनी थांबायची पाटी असलेल्या चौकात, आधी कोण आलं ते मोजायला शिकवतो. ते लागतंच. पण समोरचा नियम पाळणार हे धरून चालायची सवय तिथंच लागते. इथं सात रस्ता चौकात उभं राहून आधी कोण आलं ते मोजाल तर संध्याकाळ होईल. तिथं माणसाच्या अंगाकडं बघावं लागतं. ऑटोवाल्याचा पाय बाहेर आला की तो वळणार. बाईकवाल्यानं मान वाकडी करून खांद्यात फोन धरलाय, तो सरळ जाणार नाही. थांबलेल्या सिटी बसच्या पुढून कुणीतरी येणारच, आणि ते आधी बसच्या खालून दिसतं, पाय दिसतात. हे शेवटचं तात्यांनी सांगितलं. ती नंतर प्रत्येक बसखाली वाकून बघत होती.

दुसरं एक त्यांच्याकडून शिकलो. मी तिला सारखं "सावकाश, सावकाश" म्हणायचो. ते ऐकलं की ती दचकून ब्रेक दाबायची आणि मागचा हॉर्न मारायचा. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "सावकाश म्हणजे तिनं करायचं काय? पाय उचल म्हणावं." खरंय. त्या शब्दात भीती तेवढी असते, पायानं काय करायचं ते नसतं. आता तिकडं गेल्यावर तेवढेच चार हुकूम ठेवणार आहे: पाय उचल, ब्रेक धर, आरसा बघ, थांब.

परवा मंगळवेढ्याच्या रस्त्याला पाहुण्यांकडं हुरड्याला गेलो होतो. परतताना अंधार पडला. सध्या कारखान्यांचा हंगाम, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात, आणि मागं दिवा असलाच तर उसाच्या पाचटात गुडूप. लेक बोलत होती, मग एकदम म्हणाली, "आजोबा, लांबचे दिवे गेले." मला वाटलं गावातली लाइट गेली. तात्यांनी लगेच पाय उचलला, काही विचारलं नाही. शंभरेक पावलांवर काळी भिंत उभी होती. ट्रॉली. चाक काढून ठेवलेलं, मागं ना दिवा, ना फांदी, ना दगड. दिवे गेले नव्हते, मधे ती होती.

मी मागच्या सीटवर दोन्ही पायांनी ब्रेक दाबत होतो, तिथं ब्रेक नाही हे माहीत असून.

तात्या घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. सकाळी त्यांनी पोर्चमधल्या बंद गाडीत तिला स्वतःच्या सीटवर बसवलं, इंजिन बंद, आणि क्लच-गिअर दाखवला. हा क्लच तिकडं तिला कधीच लागणार नाही. मी गप्प बसलो.

हे वहीत जात नाही. 7 तास स्टिअरिंग, 7 तास निरीक्षण, 30 तास सराव, सगळं तिथल्या नियमानं तिथंच व्हायला पाहिजे, आणि वहीखाली सही आपली असते. रात्रीचे 8 तास परत गेल्यावर करा, जानेवारीत अंधार लवकर पडतो. तुम्हाला भीती वाटत असेल तर यजमानांना बसवा.

ता.क. तुमच्या यजमानांनी इथं गाडी घेतली तर सांगून ठेवा, इंडिकेटर उजव्या हाताला आहे. मी तीन दिवस प्रत्येक वळणावर वायपर लावतोय.

---

प्रेषक: मूळ गाव अक्कलकोट, आता ह्यूस्टन

अरे, किती ते कायदे! मी तेराव्या वर्षी वडिलांची लुना घेऊन होम मैदानाला चकरा मारायचो. आमच्या बॅचमधले सगळे तसेच शिकले. झालं काही?

---

प्रेषक: मूळ गाव सोलापूर, आता प्लॅनो

काका, तुमच्याहून लहान आहे म्हणून सांभाळून लिहितो. मीही तसाच शिकलो. आमच्या बॅचमधला एक जण मात्र या लिस्टवर नाही, कुठल्याच लिस्टवर नाही. दहावीत होतो आम्ही. "झालं काही?" असं विचारायला आपण उरलेलेच असतो, म्हणून उत्तर नेहमी एकच येतं.

लुनाचा विषय निघालाच आहे तर, ती 50 सीसीचीच होती. सोळाचे असतात तर कायद्यातही बसला असतात.

---

प्रेषक: मूळ गाव बार्शी, आता फ्रिस्को

दादा, मेल पूर्ण सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवली. 199अ ला ते काही बोलले नाहीत. विहिरीवर म्हणाले, "आपल्या विहिरीला कठडा हाय." एसटीवाल्या तात्यांचं ऐकल्यावर मात्र विचारलं, कुठल्या डेपोला होते? तेवढं कळवा. म्हणतात, आधी भेटायला जाऊ, मग बघू पोराला कुठं बसवायचं ते.