अँकरेजचा कोस्टल ट्रेल: रात्री नऊला एकट्याने पळायला जावं का?

पळता_पुणेकर
नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात अलास्काला चाललोय, बायको आणि आईबाबा बरोबर आहेत, क्रूझच्या आधी अँकरेजमध्ये एक दिवस मोकळा मिळतोय आणि हॉटेल डाउनटाउनमध्येच आहे. तिथला टोनी नोल्स कोस्टल ट्रेल म्हणजे समुद्राच्या कडेने पूर्ण डांबरी, ११ मैल, म्हणजे जवळपास १८ किमी आणि तेही एका बाजूचे. हाफ मॅरेथॉनची तयारी चालूये त्यामुळे अंतराचं टेन्शन नाही, पण तिकडच्या टोकाहून परत यायचं कसं? आणि दिवसभर घरच्यांना फिरवून, जेवणं उरकून रात्री नऊला निघालो तर चालेल का? बायको म्हणते अस्वलं असतात. आईने ऐकल्यापासून "काही नको जाऊस" हा एकच धोशा लावलाय. कोणी पळलंय का तिथे?

खाडीकर
नऊ म्हणजे इथे टळटळीत उजेड हो. जूनअखेरीस सूर्य साडेअकराच्या पुढे मावळतो, काळोख असा होतच नाही. ट्रेलवर नऊ-दहाला सायकलवाले, कुत्री फिरवणारे, बाबागाड्या ढकलणारे आईबाप सगळे असतात, निदान पहिल्या चार-पाच मैलांत तरी. उलट जाताना सूर्य समोरून डोळ्यांत येतो, म्हणून कॅप घ्या.

अस्वलाची भीती सगळ्यांना, पण खरी काळजी मूसची करा. हरणाच्या जातीतलं जनावर पण घोड्यापेक्षा उंच, आणि मे-जूनला माद्यांची पिल्लं लहान असतात. आपल्याकडे रस्त्यात गाय उभी असली की आपण बाजूने वळसा मारून निघतो तसं इथे अजिबात करायचं नाही. ती ट्रेलच्या कडेला विलोचा पाला ओरबाडत उभी असते, खालचा ओठ लोंबतोय, तुमच्याकडे बघतसुद्धा नाही, आणि दोन्हीकडे माणसं सायकली धरून गुपचूप थांबलेली. तिचं खाणं होईपर्यंत कोणी हलत नाही. कान मागे पाडले आणि मानेवरचे केस उभे राहिले तर सरळ मागे फिरून पळायचं, जाडसं झाड मिळालं तर त्याच्या आड जायचं. अस्वलाचं उलटं, त्याच्यापुढे पळायचं नाही, बोलत बोलत हळूहळू मागे सरकायचं. बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा) इथे येऊनच विकत घ्या, विमानात नेऊ देत नाहीत, चेक-इन बॅगेतही नाही. आणि दोन्ही कानांत इअरफोन घालू नका प्लीज.

अंतराचं म्हणाल तर डाउनटाउनच्या टोकाला असलेल्या एल्डरबेरी पार्कहून सुरू करा आणि पॉइंट वोरोन्झॉफला वळून परत या. पंधरा-सोळा किमी होतात आणि जे बघण्यासारखं आहे ते बहुतेक त्यातच येतं. वेस्टचेस्टर लगूनवर बदकं आणि टॉयलेट, मग अर्थक्वेक पार्क. १९६४ च्या मार्चमध्ये ९.२ चा भूकंप झाला तेव्हा इथली अख्खी वस्ती घरादारांसकट समुद्राकडे घसरली, ती जमीन अजून उंचसखल आहे फक्त वर झाडं वाढलीत. वोरोन्झॉफला धावपट्टीचं टोक जवळ, कार्गोची अवाढव्य विमानं अगदी डोक्यावरून जातात.

चढउतार
खाडीकरांचं बाकी सगळं मान्य पण अर्ध्यातून परत फिरायला माझा विरोध आहे 😄 एवढ्या लांब जाऊन जंगलातला भाग सोडायचा? उलट करा. टॅक्सी किंवा उबरने आधी ट्रेलच्या तिकडच्या टोकाला, किनकेड पार्कला जा आणि तिथून डाउनटाउनकडे पळत या. किनकेड उंचावर आहे, सगळ्यात मोठा चढ त्या टोकाला आहे, तो तुम्हाला उताराचा मिळतो, सूर्य बराचसा पाठीशी राहतो आणि रन संपतो तो हॉटेलच्या दारात. फक्त पाण्याची बाटली बरोबर ठेवा, मधे दुकान वगैरे काही नाही.

खाडीकर
आयडिया चांगली आहे, पण किनकेडच्या बाजूला माणसं कमी आणि मूस जास्त. रात्री एकट्याने पहिल्यांदाच येणाऱ्याला मी तरी तो तुकडा सांगणार नाही. सकाळी जात असाल तर खुशाल.

निळूताई
आईबाबांनाही थोडं न्या की, लगूनपर्यंतचा रस्ता अगदी सपाट आहे, माझे सासरे काठी घेऊन चालले. आणि एक गंमत, ट्रेलवर सूर्यमालेचं मॉडेल आहे. डाउनटाउनमध्ये फिफ्थ अव्हेन्यूवर सूर्य, एल्डरबेरीला मंगळ, लगूनपाशी गुरू, असं करत किनकेडला प्लूटो. प्रमाण असं ठेवलंय की साधं चालायचा वेग म्हणजे प्रकाशाचा वेग, म्हणून सूर्यापासून पृथ्वीच्या बोर्डापर्यंत चालत आठेक मिनिटं लागतात. तुम्ही पळणार म्हणजे आइनस्टाइनचा नियम मोडणार!

अजून एक महत्त्वाचं. ओहोटीला समोर लांबवर ओला राखाडी किनारा दिसतो, बाबांना फोटोसाठी खाली उतरावंसं वाटेल, उतरू देऊ नका. ती वाळू नाहीये, हिमनद्यांनी दळलेला बारीक गाळ आहे, पाय रुतला की घट्ट धरून ठेवतो, आणि इथे भरती-ओहोटीत सात-आठ मीटरचा फरक असतो, पाणी भराभर चढतं. फोटो वरूनच छान येतात, आकाश स्वच्छ असलं तर खाडीपलीकडे स्लीपिंग लेडीचा डोंगर आणि नशीब असेल तर उत्तरेला देनालीही, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात उंच शिखर.

पळता_पुणेकर
सगळ्यांचे खूप आभार! ठरलं मग, संध्याकाळी सगळे मिळून लगूनपर्यंत चालत, तिथून ते तिघं टॅक्सीने हॉटेलवर आणि मी पुढे वोरोन्झॉफ. आईला मूसबद्दल सांगणार नाहीये, ती अस्वलावरच राहू दे. डासांचं काय? आणि कपडे?

खाडीकर
पळत असेपर्यंत डास त्रास देत नाहीत, थांबलात की तुटून पडतात, लगूनपाशी तर हमखास, त्यामुळे घरच्यांना ओडोमॉस लावूनच बाहेर काढा. रात्री बारा-पंधरा डिग्री असतं, तुम्हाला फुल बाह्यांचा एक टीशर्ट बास, आईबाबांना मात्र जॅकेट. आणि मागून कोणी "ऑन युअर लेफ्ट" ओरडलं की उजवीकडेच राहा, वळून बघण्याच्या नादात डावीकडे सरकू नका, सायकली जोरात येतात.