मदत हवी आहे: पावसाळा लागल्यापासून जीएम-१ची एलायझा (रंगावरून अँटिबॉडी ओळखायची चाचणी) प्लेट बिघडतेय

मंडळी, रत्नागिरीत एमएस्सीचा प्रोजेक्ट करतोय, जीबीएस (गिलन-बॅरे सिंड्रोम) आणि एमएमएन (मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी) सारख्या नसांच्या आजारातल्या जीएम-१ (नसांच्या पेशींवरचं एक लिपिड) विरुद्धच्या अँटिबॉडी शोधायच्या, त्यासाठी गाईच्या मेंदूतून काढलेलं न घेता सिंथेटिक जीएम-१ वापरतोय. मिथेनॉलमध्ये विरघळवून वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यांत) टाकतो, रात्रभर उघड्यावर सुकवतो. मे महिन्यात झक्कास चाललं, आता कडेच्या वेलमध्ये पांढरट कडं दिसतं आणि जीएम-१ नसलेल्या वेललाही पिवळा रंग चढतो. धुताना ट्वीन (डिटर्जंट) वापरत नाही, ते लिपिडच धुऊन काढतं. बीएसए (वेलमधली रिकामी जागा झाकणारं प्रथिन) बदललं, दुसरी (रंग देणारी) अँटिबॉडी आणखी पातळ केली, फरक शून्य. पेशंटचं सॅम्पल अजून लावलेलं नाही. व्हॅक्यूम ओव्हन नाही, सिलिका जेलचा डेसिकेटर (ओल शोषणारं बंद भांडं) आहे, लाइट जाते ती वेगळीच. डेसिकेटरमध्ये सुकवून भागेल, की मिथेनॉलच ओल ओढतंय?