पीडीएफ पाठवली म्हणजे डेटा शेअर झाला का?

इंटरफेसवाला
मत आधीच सांगून टाकतो म्हणजे भांडायला सोपं जाईल. आयुष्मान भारत डिजिटल मिशनला, म्हणजे पेशंटची रेकॉर्ड्स हॉस्पिटलांमध्ये डिजिटल फिरवायच्या सरकारी योजनेला, जोडलेली बरीच हॉस्पिटलं "रेकॉर्ड शेअर केलं" म्हणतात तेव्हा आत नुसती पीडीएफ असते, आणि त्याला डेटा शेअरिंग म्हणणं ही धूळफेक आहे. नियमात सगळं बसतं बरं का. मिशनने एफएचआयआर आर-४ हे स्टँडर्ड (आरोग्याची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात पाठवायचा ठरलेला साचा) घेतलंय, त्याची भारतासाठीची प्रोफाइल्स, म्हणजे नमुने, पुण्याच्या सी-डॅकमधल्या केंद्राने बनवलीत, डिस्चार्ज समरीचं वेगळं, प्रिस्क्रिप्शनचं वेगळं, लॅब रिपोर्टचं वेगळं, पण पाठवायच्या त्याच गठ्ठ्यात अख्खी पीडीएफ कोंबायचीही सोय ठेवलीये, मग सॉफ्टवेअर विकणारा व्हेंडर दुसरं काय करणार. वर २०२३ मध्ये प्रोत्साहन योजना आणली, तिच्यात ठरलेल्या पातळीच्या वर गेलात की रेकॉर्डच्या प्रत्येक जादा व्यवहारामागे हॉस्पिटलला २० रुपये ठेवले. आत क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) आकडा आहे का वाकडं स्कॅन केलेलं पान, हे कोण बघतंय? माझं म्हणणं, निदान लॅबचे रिपोर्ट सॉफ्टवेअरला वाचता येतील अशा सुट्या आकड्यांत आले नाहीत तर पैसे देऊ नका.

सातारचा_फिजिशियन
अहो साहेब, रात्री दोनला बाहेरगावचा पेशंट दम लागून आला की मला त्याची मागची टू-डी इको आणि डिस्चार्ज कार्ड वाचायचं असतं, बस्स. पीडीएफ वाचता येते. तुमच्या अटी लावल्या तर माझ्यासारखे छोटे हॉस्पिटलवाले सगळ्यात आधी बाहेर पडतील आणि पेशंट परत कॅरीबॅगमध्ये फाईल घेऊन फिरेल.
आणि खरी अडचण वेगळीच आहे, त्यावर कुणी बोलत नाही. रेकॉर्ड मध्यवर्ती कुठे साठवलेलं नसतं, ज्याचं त्याच्या हॉस्पिटलातच असतं, पेशंटने मोबाईलवर संमती दिली की तिथून मागवलं जातं. आता तिथला सर्व्हर म्हणजे रिसेप्शनवरचा कॉम्प्युटर असेल आणि तो बंद करून सगळे घरी गेले असतील तर पीडीएफ पण नाही आणि तुमचे आकडे पण नाहीत.

इंटरफेसवाला
सर्व्हरचं मान्य. पण डॉक्टर, इमर्जन्सी सोडा, रोजची ओपीडी घ्या. शुगरचा जुना पेशंट, वर्षभरात तीन लॅबमधून क्रिएटिनिन केलंय, १.१ मग १.४ मग १.९, म्हणजे किडनी बिघडत चाललीये. तीन पीडीएफ. तुम्ही तीन उघडून आठव्या ओळीत बोट ठेवून बघता का दरवेळी? खरं सांगा.

सातारचा_फिजिशियन
बघतो की. आणि नाही बघितलं तर तो पेशंट स्वतः सांगतो "डॉक्टर, वाढलंय."

पॅथॉलॉजीताई
मला दोघांचंही पटत नाहीये पण इंटरफेसवाल्यांचं जास्त नाही. सुटा आकडा फिरवू नका हो! क्रिएटिनिन जाफे पद्धतीने केलं की एन्झायमॅटिक, यावर थोडा फरक पडतो. ट्रोपोनिनचं (हार्ट अटॅकसाठीच्या रक्ततपासणीचं) तर विचारूच नका, किट बदललं की कटऑफ बदलतो, एका कंपनीचा आकडा दुसरीच्या शेजारी ठेवायचाच नसतो. तुमचं सॉफ्टवेअर तीन लॅबचे ठिपके जोडून मस्त लाल रेघ काढणार आणि समोरचा त्या रेघेकडे बघून औषध बदलणार. माझ्या पीडीएफवर पद्धत असते, रेंज असते, कमेंट असते, सही असते.

लीड्सकर
इथे युकेत क्रिएटिनिन मायक्रोमोल पर लिटरमध्ये, भारतातला १.२ म्हणजे इथला साधारण १०६, ८८.४ ने गुणायचं. युनिट गळलं की संपलं, त्यामुळे ताईंची भीती रास्त आहे. पण सक्तीबद्दल एक सांगतो, एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, २००२ मध्ये वरून लादलेला अवाढव्य आयटी प्रोग्रॅम सुरू केला आणि २०११ मध्ये तो मोडीत काढायचं जाहीर करावं लागलं. अब्जावधी पाउंडांचा मामला होता. पैसे रोखून धरायची भाषा ऐकली की मला तेच आठवतं.

इंटरफेसवाला
ताई, एफएचआयआरमध्ये युनिट, रेंज, पद्धत सगळ्याला जागा आहे, भरत नाहीत ही गोष्ट वेगळी. आणि पीडीएफ काढून टाका असं मी म्हणतच नाहीये, पीडीएफ असू द्या, सोबत आकडे द्या. काम किचकट आहे हे मलाही माहितीये, एका लॅबच्या यादीत एस क्रिएट, दुसरीत क्रिएटिनिन सिरम, तिसरीत नुसतंच सीआरईए, हे सगळं लॉइंकच्या (तपासण्यांच्या जागतिक कोडयादीच्या) २१६०-० या एका कोडवर आणायचं, याला मॅपिंग म्हणतात, म्हणजे माणूस बसवावा लागतो. पण म्हणून बसवायचाच नाही का?

मुक्तस्रोत
बसवा, पगार कोण देतंय? प्रत्येकाची भाषा वेगळी, लॅबचं मशीन सिरियल केबलवरून एएसटीएममध्ये बोलतं, हॉस्पिटलचं जुनं सॉफ्टवेअर एचएल-७ व्ही-२, म्हणजे ते उभ्या रेघांनी तोडलेलं १९८० च्या दशकातलं प्रकरण, आणि वर पाठवायचं एफएचआयआर. मधे दुभाषा लागतोच. तो दुभाषा म्हणून मिर्थ कनेक्ट फुकट मिळायचं, जगभर लोकांनी त्यावर संसार थाटले, आणि २०२५ मध्ये कंपनीने ४.६ पासून ते बंदिस्त आणि पैशाचं केलं. जुन्या खुल्या कोडवरून ओपन इंटिग्रेशन इंजिन वगैरे निघालंय, चांगलंय, पण ते चालवणारा माणूस तालुक्याच्या गावात आणा बघू. शिवाय व्हेंडरला आपलाच डेटा मागितला की "एक्सपोर्टचं कोटेशन वेगळं पाठवतो सर". सक्ती करायचीच तर हॉस्पिटलवर कशाला, या कोटेशनवाल्यांवर करा. अमेरिकेत २०१६ च्या क्युअर्स कायद्याने माहिती अडवून धरण्याविरुद्ध तरतूद केलीये, आपल्याकडे तसं आणा.

इंटरफेसवाला
हे मात्र शंभर टक्के. पण तोपर्यंत सगळं नको, सीबीसी, क्रिएटिनिन, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), टीएसएच (थायरॉइड) एवढंच आकड्यांत द्या. ट्रोपोनिन राहू दे पीडीएफमध्ये, खूश?

पॅथॉलॉजीताई
अर्धी. आमच्याकडे बरीच मशीनं रिएजंट रेंटलवर असतात, म्हणजे कंपनी मशीन देते आणि आम्ही तिचीच रसायनं घ्यायची, करार संपला की कंपनी बदलते, मशीन बदलतं, पद्धत बदलते, आणि तुमचं मॅपिंग मात्र जुन्याच मशीनचं चालू राहतं, कुणाला पत्ताही नसतो. टीएसएचला तर हे हमखास नडेल. माझी अट एवढीच, मशीन बदललं की त्या टेस्टचा आकडा आपोआप थांबला पाहिजे आणि मी तपासून ओके केल्यावरच परत सुरू. असं कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर सांगा, डेमो बघते.