गिरनार : रोपवेनं की पायऱ्यांनी? आपापला अनुभव लिहा

माहूरकर : दत्तजयंतीची पत्रिका आली अन् गुजरातेतला, जुनागढजवळचा गिरनार डोंगर आठवला. औंदा गावातले बरेच जण जायलेत. सगळ्यांचा समज एकच, रोपवे थेट दत्तशिखरावरच्या पादुकांपर्यंत नेतो. नाही. २०२० पासून चालू आहे, सव्वादोन किमीच्या वर लांबी, सात-आठ मिनिटांत अंबाजीचं मंदिर, तिथंच संपतो. साधारण निम्म्या, पाचेक हजार पायऱ्या वाचतात. पुढं गोरखनाथ शिखराचा चढ, मग खोल उतार, मग दत्तशिखराचा उभा चढ. परतताना तो उतारच चढ होतो, हे कुणी सांगत नाही. जाणकारांनी भर घालावी.

परभणीवाला : वारा सुटला की रोपवे बंद. दुपारनंतर वर अडकलं तर अंबाजीपासून पायीच खाली. बॅटरी रोपवेनं जाणाऱ्यांनीबी ठेवावी. शेवटची फेरी किती वाजता, हे जातानाच विचारायचं.

सुमन_लातूर : पायी जाणाऱ्यांनी पायथ्याच्या भवनाथ तळेटीतून रात्री बारा-एकलाच निघावं, ऊन तापायच्या आत अंबाजी मागं पडते. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, म्हणून लय बसत नाही अन् दम लागतो. काठी घ्याच. उतरताना काठी आधी खालच्या पायरीवर, मग पाय, तेही तिरकं. नखं कापून जा, बुटाच्या टोकाला आपटून काळी पडतात. बाकी नंतर, कुकरची शिट्टी झाली.

बीडकर : ताई, कुकरात काय?

सुमन_लातूर : तुरीची डाळ 😄 हां, पोटऱ्यांत गोळे येतात, नुसतं पाणी ढोसू नका. घामातून मीठ जातं. लिंबू-मीठ-साखर सोबत ठेवा. बाटली स्टीलची, प्लॅस्टिक वर नेऊ देत नाहीत.

जालनेकर : डोलीचा भाव वजनावर. अंबाजी की दत्त, एकेरी की जाऊन-येऊन, आधी बोलून घ्या. भांडणं तिथंच होतात.

बीडकर : आमच्या दाजींना वजनकाट्यावर चढवणं हाच खरा गिरनार.

नांदेडी : गोरखनाथ उतरल्यावर दोन कमानी लागतात. एक दत्तशिखराची, दुसरी कमंडलू कुंडाची. आधी पादुका, मग कुंडावर धुनी अन् प्रसाद. उलटं केलं तर जेवून चढायचं, अवघड जातं. रोपवेनं जाणाऱ्यांची नेमिनाथाची जैन मंदिरं हुकतात, ती अंबाजीच्या खाली आहेत. वर रोपवे, खाली पायी हा बेत गुडघे दुखणाऱ्यांनी करू नये, उतरणंच जास्त मारतं.

धाराशिवकर : तुळजापूर बरं, आधी उतरायचं, मग दर्शन.

परभणीवाला : परिक्रमा पण ह्याच पायऱ्यांनी का?

नांदेडी : नाही हो. ती कार्तिकात, एकादशी ते पौर्णिमा, पायथ्याच्या जंगलातून ३६ किमीची. त्या दिवसांत शिखराचा बेत ठेवूच नका, तळेटीत पाय ठेवायला जागा नसते.

बीडकर : अन् गाडी?

माहूरकर : वेरावळकडं जाणारी रेल्वे. जुनागढला उतरा, तळेटीपर्यंत रिक्षा मिळते.