‘कनाइव्ह’ म्हणजे डोळेझाक की संगनमत?

रात्रपाळी_उपसंपादक: बातमी अवैध वाळूउपशाची. इंग्रजी मजकुरात अधिकाऱ्यांनी उपशाला ‘कनाइव्ह अ‍ॅट’ केलं असं होतं. डेस्कवर दोन मतं पडली: एक म्हणतो ‘संगनमताने उपसा’, दुसरा म्हणतो ‘उपशाकडे डोळेझाक’. शब्दकोशात दोन्ही अर्थ सापडतात. मुळात शब्द आला कुठून?

काळाकोट: डोळेझाक म्हणणाऱ्याचं बरोबर आहे. पुढे ‘अ‍ॅट’ असेल तर डोळेझाक, ‘विथ’ असेल तर संगनमत. मूळ लॅटिन ‘कॉनिव्हेरे’, म्हणजे पापण्या मिटणे. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रुळला. समोर चाललेलं गैरकृत्य दिसतंय, ते रोखणं आपलं काम आहे आणि तरी डोळे मिटून घेतले, हा त्याचा मूळ अर्थ. कटकारस्थानाचा अर्थ मागाहून चिकटला.

मी कुटुंब न्यायालयात वकिली करते, त्यामुळे हा शब्द माझ्या रोजच्या कागदांतला. हिंदू विवाह कायदा 1955, कलम 23 बघा. व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मागणाऱ्याने त्या कृत्याला साथ दिलेली नसावी, त्याकडे डोळेझाक केलेली नसावी आणि ते माफही केलेलं नसावं. संगनमत, म्हणजे ‘कल्यूजन’, याच कलमात निराळं दिलंय. ‘सामनेवाल्याशी संगनमत करून हा अर्ज केलेला नाही’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. ज्युनिअर मंडळी हा परिच्छेद जुन्या अर्जावरून जसाच्या तसा उचलतात. मी मात्र अशिलाला समोर बसवून तो मराठीत समजावून सांगते. ज्या कागदावर सही करायची त्यात काय लिहिलंय ते माणसाला कळलंच पाहिजे.

आणखी एक. संशय आल्यावर पुरावा हाती यावा म्हणून नवरा काही दिवस गप्प राहिला, तर ती डोळेझाक ठरत नाही. चाललंय ते चालू द्यावं अशी मनातून तयारी असावी लागते.

तुमच्या बातमीपुरतं सांगते. तलाठ्याने नदीकडे फिरकूनच पाहिलं नाही, तर तो हलगर्जीपणा. भरलेले ट्रॅक्टर डोळ्यांदेखत गेले आणि पंचनामा केला नाही, तर डोळेझाक. हप्ता ठरला असेल तर संगनमत, आणि हा आरोप फार जड आहे. पुरावा हाती नसताना तो कुणावर लिहू नये.

वनस्पतीशास्त्र_शिकवतो: याच धातूचा एक शब्द आमच्याकडे आहे, ‘कनायव्हंट’. वांग्याचं जांभळं फूल हातात घ्या. मधोमध पाच पिवळे परागकोश एकमेकांकडे झुकून सुळका करतात. तळाशी सुटे, टोकाला टेकलेले, अगदी मिटत आलेल्या पापण्यांसारखे. त्यांच्या वर्णनात हा शब्द येतो. लहान आतड्याच्या आतल्या आडव्या घड्यांनाही जुन्या शरीरशास्त्रात याच धातूवरून नाव दिलेलं आहे.

रात्रपाळी_उपसंपादक: दोघांचेही आभार. ‘डोळेझाक’ कायम केलं. ताई, मग ‘कन्डोन’ वेगळं कसं? आम्ही त्यालाही सर्रास डोळेझाकच लिहितो.

काळाकोट: नका लिहू. डोळेझाक कृत्य होण्याआधी किंवा होत असताना असते, ‘कन्डोन’ झाल्यानंतर. त्यातला ‘डोन’ देण्याचा, आपल्या ‘दान’शी नातं सांगणारा. झालेल्या अपराधाची माफी देऊन टाकणे. आमच्या ‘विलंब माफी’च्या अर्जातही इंग्रजीत हाच शब्द असतो.

यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 1975 चा दास्ताने खटला प्रत्येक विधी विद्यार्थ्याला पाठ असतो. लग्न पुण्यात 1956 साली झालेलं, निकालपत्र न्या. य. वि. चंद्रचूड यांचं. पत्नीकडून क्रूरता झाली हे न्यायालयाने मान्य केलं, पण त्यानंतरही पतीने सहजीवन चालू ठेवलं म्हणून ती माफ केलेली धरली. पती हरला. निव्वळ तोंडी माफी पुरत नाही, संसार पूर्ववत व्हावा लागतो. आणि ही माफी सशर्त असते: पुन्हा अपराध झाला तर जुनाही जिवंत होतो.

छळ सोसून माहेरी आलेली मुलगी ‘परत नांदायला जाते’ म्हणाली, की मी तिला हे सगळं नीट सांगते. आधीचा छळ माफ केला असं सामनेवाला उद्या म्हणू शकतो. पण त्याने पुन्हा हात उगारला, तर त्या मागच्या गोष्टीही तिला अर्जात मांडता येतात.